स्टेशनवरचं फुकट वायफाय, आणि चोर नेमका बसतो कुठं

खानापूरच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांची मुलगी बेळगावात टिळकवाडीला पीजीत राहते, तिचं सगळं पीजीच्या वायफायवर चालतं, शनिवारी घरी यायला निघाली की स्टेशनवर गाडीची वाट बघत फुकटच्या वायफायवर फोनपे करते, पीडीएफ उतरवते. आणि घरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की स्टेशनच्या वायफायला फोन जोडला की खातं रिकामं. हे खरं का, आणि पोरीला वायफाय वापरूच नको म्हणून सांगू का, असं त्या विचारतात.

ताई, तो मेसेज अर्धा जुना आहे आणि अर्धा चुकीच्या जागी बोट दाखवतोय. मी सतरा वर्षं हेच काम करतोय, आधी सायबर कॅफेत बसायचो, आता लॉज, कॉलेजं, पीजी, दवाखाने असं जिथं बोलावतील तिथं राउटर आणि केबल घेऊन जातो, निपाणीपासून कणकुंबीपर्यंत, त्यामुळं जरा लांबण लागेल पण सांगतो.

आधी जुनं काय ते. २०१० मध्ये फायरशीप नावाचं एक फुकट एक्स्टेंशन आलं होतं, फायरफॉक्समध्ये टाकायचं, बटण दाबायचं, बास. बिनपासवर्डच्या वायफायवर जे कोण फेसबुक उघडून बसलेत त्यांची नावं फोटोसकट बाजूच्या पट्टीत यायची, नावावर क्लिक केलं की त्याच्या खात्यात आपण आत, पासवर्ड लागायचाच नाही. मी आणि कॅफेतल्या मित्रानं आमच्या दोघांच्या खात्यांवर करून बघितलं होतं, आणि खरं सांगतो रात्री झोप लागली नाही. कारण काय, तर त्या वेळी साइटी फक्त लॉगिनचं पान कुलपात ठेवायच्या, म्हणजे मधल्या कुणाला वाचता येणार नाही असं करून पाठवायच्या, नंतरचं सगळं हवेत उघडं जायचं आणि त्याच्याबरोबर तुमचा ओळखीचा टोकन, ज्याला कुकी म्हणतात, तोही उघडाच. तुमच्या ग्रुपवरचा मेसेज त्या काळातला आहे.

मग पुढच्या पाच-सात वर्षांत सगळं बदललं. फेसबुक, जीमेल, बँका सगळे पूर्णपणे एचटीटीपीएसवर, म्हणजे प्रत्येक पान कुलपात, असे गेले, लेट्स एन्क्रिप्ट नावाच्या संस्थेनं त्याला लागणारं सर्टिफिकेट, म्हणजे साइटच्या ओळखीचा दाखला, फुकट वाटायला सुरुवात केली त्यामुळं गल्लीतल्या दुकानाची साइटसुद्धा कुलपात आली, २०१८ पासून क्रोम साध्या साइटवर सरळ 'नॉट सिक्युअर' लिहायला लागलं. व्हॉट्सॲपचं तर २०१६ लाच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुलूप झालं.

आता कुणी ऐकत बसला तर त्याला नेमकं काय दिसतंय? हे मी गेल्या महिन्यातच एका कॉलेजच्या पोरांना दाखवलं. माझ्या लॅपटॉपवरून हॉटस्पॉट चालू केला, माझाच दुसरा फोन त्याला जोडला, लॅपटॉपवर वायरशार्क नावाचा प्रोग्रॅम लावला, म्हणजे येणारंजाणारं प्रत्येक पाकीट स्क्रीनवर पळताना दिसतं. फोनवर बँकेचं ॲप उघडलं. स्क्रीनवर एक ओळ आली, त्यात बँकेच्या सर्व्हरचं नाव स्वच्छ वाचता येत होतं. त्याच्या खाली पाकिटं किती बाइटची, किती वाजता, कुठल्या पत्त्यावर. आणि आत उघडून बघायला गेलं तर नुसता कचरा, आकडे आणि अक्षरांची भेळ. शिल्लक नाही, पासवर्ड नाही, काही नाही. पोरं म्हणाली, सर एवढंच? होय, एवढंच. पोस्टमनला पाकिटावरचा पत्ता कळतो, आतली चिठ्ठी कळत नाही, तसं.

यूपीआयचं तर अजून घट्ट आहे. तुम्ही पिन टाकता तो फोनवरच कुलूपबंद होऊन बाहेर पडतो, फोनपे किंवा गुगल पे कंपनीलासुद्धा तो दिसत नाही, आणि ॲप पहिल्यांदा सुरू करताना तुमच्या सिमवरून एक एसएमएस जातो आणि खातं त्या फोनाला आणि त्या सिमला बांधलं जातं. नुसतं वायफायवर कान लावून कुणी दुसऱ्या फोनवर तुमचं यूपीआय उभं करू शकत नाही. तेव्हा स्टेशनवर बसून पोरीनं चहाचे पंधरा रुपये स्कॅन करून दिले तर त्यात घाबरण्यासारखं मला काही दिसत नाही.

मग चोर बसतो कुठं? वायफायला जोडल्यावर जे पहिलं पान उघडतं ना, तिथं.

स्टेशनचं खरं वायफाय रेलटेल या रेल्वेच्या कंपनीचं, नाव रेलवायर. हे २०१६ च्या जानेवारीत मुंबई सेंट्रलपासून गुगलला बरोबर घेऊन सुरू झालं, पुढं गुगल बाजूला झालं आणि आता रेलटेल एकटंच ६,००० च्या वर स्टेशनांवर चालवतंय. जोडलं की पान येतं, मोबाइल नंबर मागतं, ओटीपी येतो, तो टाकला की दिवसाची पहिली ३० मिनिटं फुकट, पुढं पाहिजे असेल तर पैसे भरायचे. बस. फुकटच्या अर्ध्या तासाला नंबर आणि ओटीपी, यापलीकडं ते काही मागत नाही.

पण वायफायचं नाव ही काही रजिस्टर केलेली पाटी नव्हे. कुणीही आपल्या फोनच्या हॉटस्पॉटला पाहिजे ते नाव देऊ शकतं. हे मी बस स्टँडजवळच्या एका लॉजच्या मालकांना समोर करून दाखवलं होतं. त्यांचं म्हणणं, आमच्या वायफायला पासवर्ड आहे, आम्हाला काय भीती. पासवर्ड काउंटरवर लॅमिनेट करून चिकटवलेला, लॉजचं नाव आणि पुढं एक-दोन-तीन. मी तिथंच सोफ्यावर बसून माझ्या हॉटस्पॉटला तेच नाव आणि तोच पासवर्ड दिला. त्यांचा राउटर आत जिन्याखाली, माझा फोन इथं हॉलात, म्हणजे माझा सिग्नल जास्त. चहा येईस्तोवर सात फोन माझ्या फोनाला येऊन चिकटले, त्यात एक खुद्द मालकांचा. कुणी काही दाबलं नव्हतं, फोन आपोआपच ओळखीचं नाव बघून जोडून घेतात. मालक नुसतं माझ्या स्क्रीनकडं बघत बसले. मी लगेच बंद केलं, पण दुसऱ्या कुणी पुढं एक पान उभं केलं असतं तर?

त्या खोट्या पानावर काय असतं ते सांगतो, कारण ओळखायचं ते तिथंच. 'वायफाय सुरू करण्यासाठी गुगलनं लॉगिन करा' असं लिहून जीमेलचा पासवर्ड मागतात. किंवा व्हेरिफिकेशनला १ रुपया भरा म्हणून कार्डाचा नंबर आणि मागचे तीन आकडे. किंवा, आपल्याकडं हे जास्त चालतं, 'स्पीड वाढवण्यासाठी हे ॲप घ्या' म्हणून एक एपीके, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून टाकायची ॲपची फाइल. माझ्या एका मामांनी असलंच एक ॲप घेतलं होतं, कुठल्याशा बाजारातल्या फ्री वायफायवर, त्यानं एसएमएस वाचायची परवानगी मागितली, मामांनी दिली, आणि त्यानंतर येणारा प्रत्येक ओटीपी दुसरीकडं जात होता. मामा अजून म्हणतात वायफायनं पैसे खाल्ले. मामा, वायफायनं नाही खाल्ले हो, ते ॲप तुम्ही हातानं आत घेतलंत, ते घरच्या वायफायवर घेतलं असतं तरी तेच झालं असतं.

आणि एक गोष्ट आपल्या भागातली, जी पुण्या-मुंबईच्या लोकांना कळणार नाही. ही पानं बऱ्याचदा कन्नडमध्ये उघडतात. आमच्या वयाच्या, मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला कन्नड बोलायला येतं, बसची पाटी वाचता येते, पण बारीक अक्षरातलं पान कोण वाचत बसतंय. मग काय करतात, सगळ्यात मोठं बटण दाबतात. 'मुंदे' असेल, 'ओप्पिगे' असेल, काय असेल ते. पुढं जा आणि मान्य आहे, पण कशाला मान्य आहे ते न वाचता. मी माझ्या वडिलांना सांगून ठेवलंय, वर कोपऱ्यात इंग्लिश असं असतं बघा, ते दाबा, तरी नाही कळलं तर पोरांना विचारा, नाहीतर सोडून द्या, अर्धा तास नेट नसलं म्हणून कुणाचं अडत नाही.

आता पुढची पायरी. समजा खोट्या वायफायवर गेलात, आणि त्यानं तुम्ही बँकेचा पत्ता टाकल्यावर तुम्हाला दुसऱ्याच सर्व्हरवर नेलं. ते त्याला जमतं. पण त्याच्याकडं बँकेचं सर्टिफिकेट नसतं, म्हणून ब्राउझर लाल त्रिकोण दाखवून 'युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट' म्हणून अडवतो. तिथं खाली ॲडव्हान्स्ड, मग पुढं जा, अशी एक चोरवाट असते, ती घ्यायची नाही, एवढं पोरीला सांगा. खऱ्या रेलवायरवर किंवा लॉजच्या वायफायवर लॉगिन व्हायच्या आधीसुद्धा ही सूचना कधीकधी येते, कारण ते मधेच अडवून त्यांचं पान दाखवू बघतात. तेव्हा बँकेची साइट उघडून लॉगिनचं पान यायची वाट बघत बसू नका. फोनच 'वायफायला साइन इन करा' असं नोटिफिकेशन देतो, त्यावर जा. तेही नाही आलं तर नेव्हरएसएसएल डॉट कॉम (neverssl.com) म्हणून एक बिनकुलपाची साइट मुद्दाम याच कामासाठी ठेवलीय, ती उघडा, लॉगिनचं पान तिथं येतंच. आम्ही कामावर दिवसातून दहा वेळा हेच करतो.

ब्राउझरमधल्या पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चित्राबद्दल एक गैरसमज काढून टाका मात्र. कुलूप म्हणजे तुमचं बोलणं मधे कुणी ऐकत नाही एवढंच, पलीकडचा माणूस प्रामाणिक आहे असं ते सांगत नाही. बँकेसारखंच नाव, मधे एक अक्षर इकडचं तिकडं, अशी साइट चोरानं काढली तर तिलाही फुकटात कुलूप मिळतं. लोक कुलूप बघून विश्वास ठेवतात म्हणूनच क्रोमनं २०२३ मध्ये ते चित्र काढून टाकलं. म्हणून बँकेचं काम ॲपमधूनच करा, मेसेजमधल्या लिंकवरून तर अजिबात नको.

स्टेशनपेक्षा मला खरं म्हणजे पीजीची जास्त काळजी वाटते. तिथं पोरगी रोज आठ-दहा तास असते. पीजीच्या वायफायला एकच पासवर्ड, तो आत्ताच्या वीस पोरींना माहीत, गेल्या तीन वर्षांत राहून गेलेल्यांनाही माहीत, समोरच्या चहावाल्यालाही माहीत. पासवर्ड माहीत असलेला माणूस जवळ बसून, तुमचा फोन जोडला जातानाची देवाणघेवाण पकडू शकला तर हवेतलं वायफायचं कुलूप त्याला उघडता येतं. आतलं एचटीटीपीएसचं कुलूप राहतंच, पण म्हणजे पासवर्ड आहे म्हणून सेफ, या म्हणण्यात दम नाही. एक सोपी परीक्षा सांगतो. पोरीला यूट्यूब उघडून कास्टचं बटण दाबायला सांगा. हॉलमधला टीव्ही किंवा दुसऱ्या खोलीतल्या कुणाचं काही त्या यादीत दिसलं, तर समजा की त्या राउटरवर एक फोन दुसऱ्या फोनापर्यंत सरळ पोचू शकतो. राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क किंवा एपी आयसोलेशन म्हणून एक खूण असते, ती लावली की प्रत्येकजण आपापल्या खोलीत बंद. दोन मिनिटांचं काम. पण राउटर बसवून देणारे बसवतात आणि निघून जातात, मी गेलो तिथं दहातल्या आठ राउटरांचं युजरनेम-पासवर्ड ॲडमिन-ॲडमिनच सापडलंय, म्हणजे आतलं कुणीही राउटरमध्ये शिरून सगळ्या पीजीचा डीएनएस बदलू शकतं. डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता सांगणारा माणूस, तोच फितूर झाला तर सगळ्यांना चुकीच्या घरी नेऊन सोडणार.

यावर पोरीच्या हातात असलेला उपाय म्हणजे अँड्रॉइडमध्ये प्रायव्हेट डीएनएस. सेटिंगमध्ये शोधा, त्यात 'डीएनएस डॉट गुगल' एवढं टाका, मग राउटर काहीही म्हणू दे, फोन पत्ता थेट गुगलला विचारतो आणि तोही कुलपातून. कधीकधी यामुळं लॉगिनचं पान उघडत नाही, तेव्हा तेवढ्यापुरतं बंद करायचं. लॅपटॉप असेल तर विंडोजच्या वायफाय सेटिंगमध्ये पब्लिक का प्रायव्हेट असं असतं, तिथं पीजीसुद्धा पब्लिकच. घर नव्हे ते. आणि स्टेशन, लॉज, हॉटेल असल्या ठिकाणचं काम झालं की नेटवर्क 'फरगेट' करायचं, निदान ऑटो-कनेक्ट तरी काढायचं, लॉजमधल्या त्या सात फोनांची गोष्ट आठवा.

व्हीपीएन घेऊ का म्हणून पुढचा प्रश्न येणारच, सगळे विचारतात. माझं मत, पोरीसाठी नको. फुकटचा तर नकोच. व्हीपीएन म्हणजे वायफायवाल्यावर विश्वास नाही म्हणून सगळा माल दुसऱ्याच्या गोदामातून न्यायचा, आणि तो दुसरा कोण, कुठल्या देशातला, फुकट का देतोय, हे आपल्याला माहीत नाही. २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं भारतातल्या व्हीपीएनवाल्यांना गिऱ्हाइकांची माहिती ५ वर्षं ठेवायला सांगितली तेव्हा काही मोठ्या कंपन्यांनी इथले सर्व्हरच हलवले. ऑफिसनं दिलेला असेल तर वापरा, नसेल तर सोडा.

त्यापेक्षा स्वतःचा मोबाइल डेटा. रोजचा दीड-दोन जीबी पॅक असतोय, बँकेच्या कामाला त्यातले दोन-चार एमबी पण लागत नाहीत. वायफाय पिक्चर बघायला आणि पीडीएफ उतरवायला, पैशाचं काम वायफाय बंद करून डेटावर, ही सवय लागली की निम्मी काळजी संपली. अर्थात कणकुंबी-चोर्ला भागात गेलात की रेंजच नसते, तिथं हॉटेलचं वायफाय हाच आधार, तेव्हा वर सांगितलं तसं ॲपमधून करा. लॅपटॉपला स्वतःचा हॉटस्पॉट द्या, फक्त हॉटस्पॉटचा पासवर्ड आपलाच मोबाइल नंबर ठेवू नका, आपल्याकडं दोनातला एक माणूस तसाच ठेवतो. आणि बसमध्ये शेजारच्यानं 'जरा हॉटस्पॉट द्या की' म्हटलं तर गोड बोलून टाळा, त्यानं काय उद्योग केला तरी कनेक्शन तुमच्या नावावर असतं.

फुकट वायफायपेक्षा दहापट धोक्याची जागा कुठली सांगू? झेरॉक्सचं दुकान. पहाणीचा उतारा, जातीचा दाखला, परीक्षेचा फॉर्म, सगळं तिथं. परवा मी एका दुकानात माझं बिल प्रिंट करायला गेलो, गर्दी होती म्हणून पोरगा म्हणाला काका तुम्हीच बसा. डाउनलोडचं फोल्डर उघडलं तर वरपासून खालपर्यंत ई-आधारच्या फायली, मार्कशीटा, कुणाचं पासबुक. ई-आधारला पासवर्ड असतो खरा, पण तो नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल, शेजारीच त्याच माणसाची मार्कशीट पडलेली. आणि ब्राउझरच्या दुसऱ्या टॅबमध्ये कुणा बाईंचं व्हॉट्सॲप उघडंच, मेसेज येतायत टिंगटिंग. मी लॉगआउट केलं, फोल्डर रिकामं करायला लावलं, पण रोज कोण जाणार? म्हणून पोरीला सांगा, दुकानात व्हॉट्सॲप वेब लावलं तर बाहेर पडायच्या आधी फोनमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून ते काढायचं, आधार द्यायचं तर जिथं चालतं तिथं मास्क्ड आधार, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, आणि फाइल आपल्यासमोर डिलीट करून रिसायकल बिनमधूनही काढून घ्यायची. लाजायचं नाही, दुकानदार वैतागू दे.

चार्जिंगच्या यूएसबीमधून डेटा चोरतात का, हेही ताई तुम्ही विचारलंय. होऊ शकतं, पण मी इतक्या वर्षांत एकही केस डोळ्यानं बघितली नाही. आपला चार्जर घेऊन प्लगला लावा, विषय संपला.

आणि तरीही कधी पैसे गेलेच, तर आधी वायफायला शिव्या देत बसू नका. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, पैसे पुढच्या खात्यातून काढले जायच्या आधी अडवता आले तर तेव्हाच, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार, आणि त्याच दिवशी बँकेला लेखी कळवून तक्रारीचा नंबर घ्यायचा. आरबीआयच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणं चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, कुणी तिसऱ्यानं केलं, आणि तुम्ही ३ कामाच्या दिवसांत कळवलंत तर तुमच्यावर काही येत नाही. ओटीपी किंवा पिन तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून बँकेत फोन कितीला लागला ती वेळ लिहून ठेवायची, माझ्या मामांनी चार दिवस लाजेपायी कुणाला सांगितलंच नव्हतं.

पीजीच्या मालकांना एवढं विचारून घ्या ताई, राउटरचा ॲडमिन पासवर्ड बदललाय का आणि गेस्ट नेटवर्क आहे का. नसेल तर राउटरच्या पाठीमागच्या स्टिकरचा फोटो काढून इथं टाका, मॉडेलचं नाव दिसेल एवढाच, खालचा पासवर्ड बोटानं झाकून. कुठल्या मेनूत काय दाबायचं ते लिहून देतो.